‘भोगणे’ आणि ‘सोसणे’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुःखविचार

मराठी माणसाच्या तोंडी दुःखासाठी जे शब्द सहजगत्या येतात, त्यांत ‘भोग’ हा शब्द फार जुना आणि फार बोलका आहे. ‘अजून भोग सरले नाहीत’ किंवा ‘आपले भोग आपणच भोगले पाहिजेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा केवळ वेदनेचा उल्लेख करून थांबत नाही. त्या वेदनेमागे काही कारण आहे, कुठेतरी काही देणे राहिलेले आहे, हेही न बोलता मान्य करीत असतो. ‘भोगणे’ या क्रियापदाच्या पोटात हिशेब आहे. ‘सोसणे’ या क्रियापदात तो नाही. ऊन सोसावे, थंडी सोसावी, थोरल्या जावेचे टोमणे सोसावे. सोसणाऱ्याने पूर्वी काय केले होते, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. तेथे एक ओझे असते आणि ते उचलणारा एक माणूस असतो, इतकेच.

ख्रिस्ती धर्म मराठीत आला तेव्हा या दोन क्रियापदांमधील अंतर त्याच्या वाटेत आडवे आले, हे आपल्याकडील समीक्षेने पुरेसे लक्षात घेतलेले नाही. या धर्माच्या मध्यभागी एका निरपराध माणसाचे छळ होऊन आलेले मरण आहे. त्याला ‘भोग’ म्हणावे तर त्याचे निरपराधित्वच नाहीसे होते. म्हणून मराठी ख्रिस्ती भाषेत ‘दुःखसहन’ हा काहीसा अवघडलेला जोडशब्द रूढ झाला. ज्या खांबावर हे मरण आले त्यास प्रॉटेस्टंट मंडळींनी ‘वधस्तंभ’ म्हटले, कॅथलिकांनी ‘क्रूस’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द राखला. एका शब्दात काय घडले ते उघड सांगितले आहे, दुसऱ्यात परक्या चिन्हाची खूण जपली आहे. हा केवळ पंथभेद नव्हे. दुःखाकडे घटना म्हणून पाहावयाचे की खूण म्हणून, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने दुःखाच्या प्रश्नास जे सर्वांत खरे उत्तर दिले ते सिद्धान्ताच्या ग्रंथांत नाही, उपदेशपर निबंधांत नाही, फार काय, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भक्तिकाव्यातही ते पूर्णपणे नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, आणि ज्या गुणासाठी आपण ते पुस्तक वर्गात शिकवितो, त्या विनोदातच ते आहे. विनोद घ्यावा आणि श्रद्धा बाजूस ठेवावी, ही आपली आजवरची पद्धत त्यामुळे तपासून पाहणे जरूर आहे.

आधी एक गैरसमज दूर करावयास हवा. हिशेबाची भाषा हिंदूंची आणि कृपेची भाषा ख्रिस्त्यांची, अशी सोपी वाटणी करण्याचा मोह मिशनरी लेखकांना वारंवार झाला. वस्तुस्थिती तशी नाही. बायबलातील ईयोबाचे मित्र हे पक्के हिशेबनीस आहेत. इतके दुःख आले त्या अर्थी तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद आपल्या गावातील कोणत्याही पारावर ऐकू येण्यासारखा आहे; आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच रागावतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य गुरूला विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? जन्मतःच आंधळा असलेल्या माणसाने पाप केव्हा केले असेल, हा प्रश्न मराठी वाचकास मुळीच चमत्कारिक वाटत नाही. पूर्वजन्म त्याच्या मनात तयारच असतो. येशू मात्र दोन्ही पर्याय नाकारतो. तो कारण सांगत बसत नाही. चिखल कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. उलटपक्षी, आदिपापाचा सिद्धान्त हाही एक हिशेबच आहे, आणि ख्रिस्ती धर्मोपदेशाने त्याचा उपयोग दुःखिताला गप्प करण्याकडे पुष्कळदा केला आहे. इकडे आपल्या संतांनी प्रारब्धाच्या वहीवर नामाची रेघ ओढली, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा भेद दोन धर्मांमधील नाही. तो दोन्ही धर्मांच्या आत आहे.

प्रस्तुत लेखक राहतो ती बऱ्हाणपुराची लालबाग या दृष्टीने मोठी सूचक जागा आहे. येथील कुंडी भंडारा, म्हणजे जमिनीखालच्या पाटाने एकमेकांस जोडलेल्या विहिरींची मोगल काळातील पाणीयोजना, 1615 सालची. पुढच्याच वर्षी, 1616त, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यानंतर पंधरा वर्षे उलटतात न उलटतात तोच 1630 ते 1632चा तो भीषण दुष्काळ पडला. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याने येथे अन्नछत्रे उघडली. 1631त मुमताजमहल याच शहरात बाळंतपणात मरण पावली. ह्याच दुष्काळाने देहूला तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा यांचा घास घेतला. बादशहाच्या दुःखातून संगमरवरी इमारत उभी राहिली. देहूच्या वाण्याच्या दुःखातून अभंग आले. त्यांतील एका प्रसिद्ध अभंगात तुकोबा दुष्काळाचे, दिवाळ्याचे आणि मरणाचेही देवाजवळ आभार मानतात. या आघातांनी संसाराची ओढ तुटली असे त्यांचे म्हणणे. येथे हिशेब संपला आहे, पण दुःखाला प्रयोजन मात्र उरले आहे. ते वैराग्याचे साधन झाले आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयाची. कारण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायापाशी आलो, असे टिळक म्हणत असत.

स्टीफन्स यांच्या पुराणाबद्दल थोडक्यात सांगतो. विल्टशरमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1579त गोव्यास आला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांची ख्रिस्तकथा रचली. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती. त्यांच्या जागी काहीतरी ऐकावयास हवे होते. उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा ओवीच्या चालीवर ऐकणाऱ्या त्या समाजाची मनःस्थिती कशी असेल, याचा विचार टीकाकारांनी फारसा केलेला नाही. त्यांचे देव गेले होते, देवळे गेली होती, पुष्कळांचे आप्त मुलूख सोडून गेले होते. त्यांच्यावर ही आपत्ती आणणाऱ्यांचाच धर्म त्यांना छळलेल्या माणसाची कथा सांगत होता. पुढे 1684त पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच बंदी घातली. मूळ तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे 1907त मंगळूरला आणि 1956त पुण्यास देवनागरीत ती कथा पुन्हा छापली गेली. तरीही हे पुराण शतकानुशतके टिकले ते विद्वानांनी राखले म्हणून नव्हे. ते ऐकणाऱ्यांना त्यात आपले काहीतरी सापडले होते. ते काय, हे ग्रंथात लिहिलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात प्रश्नाचे रूप पालटले. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (1857) विधवांच्या यातना आहेत, आणि त्या यातनांचे कारण विधवांच्या पूर्वजन्मात न शोधता समाजाच्या रूढीत शोधलेले आहे. कलाकृती म्हणून ही कादंबरी कच्ची आहे. पात्रे बोलू लागली की निबंध सुरू होतो. परंतु दुःखाचे खाते ज्याच्या नावावर लिहिले होते त्याच्या नावावरून काढून दुसऱ्याच्या नावे चढविणे, हे त्या काळी मराठी गद्यात करणे लहान काम नव्हते.

टिळकांचे दुःखाविषयीचे भान ख्रिस्ती होण्यापूर्वीचे व नंतरचे असे तोडून दाखविता येत नाही. ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेतील घायाळ पक्षीण शेवटच्या शक्तीनिशी पिलांपर्यंत पोचते आणि मरते. ती कविता आपण सर्वांनी बालपणी पाठ केली. तिच्यात पक्षिणीचा कोणताही अपराध नाही आणि तिच्या मरणाला कोणतेही प्रयोजन नाही. हेच टिळकांचे मूळ भान म्हणावे लागेल : निरपराधाचे दुःख, आणि त्या दुःखातही दुसऱ्याच्या तोंडी घास घालण्याची धडपड. मध्य प्रांतात राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाची पाने त्यांना सोडवेनात. ती पाने दीनांची आणि शोक करणाऱ्यांची आहेत, हा योगायोग नव्हे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या अभंगांत ख्रिस्त येतो तो राजा म्हणून क्वचितच. बहुधा तो गुरू, माउली आणि सखा म्हणून येतो. विठोबाला उद्देशून शतकानुशतके वापरलेली सारी नाती टिळकांनी त्याला बहाल केली. यात तुकोबांपासून एक पाऊल वेगळे पडते. तुकोबांच्या दुःखात देव दुःखाच्या पलीकडे उभा असतो आणि भक्त दुःख ओलांडून त्याच्याकडे जातो. टिळकांचा देव दुःखाच्या अलीकडे, दुःखिताच्याच बाजूस आलेला आहे. हा फरक मोठा आहे. मराठी भक्तिकाव्यात टिळकांनी घातलेली खरी भर हीच, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही टिळकांच्या काव्याविषयी एक आक्षेप मनात राहतोच. त्यांच्या कवितेत दुःख फार लवकर गोड होते. दोन चरण वेदनेचे, तिसऱ्यात सखा येतो, चवथ्यात समाधान. अभंगाच्या बांध्याचाच हा दोष असेल. चार चरणांत शंकेला राहावयास जागा किती? पण तुकोबांनी ह्याच बांध्यात देवाशी भांडण मांडले होते. टिळक भांडत नाहीत. ज्याने घरादारावर पाणी सोडून हा सखा मिळविला त्याला भांडणे परवडत नव्हते, असे कदाचित म्हणता येईल.

पंडिता रमाबाईंचा मार्ग अगदी निराळा. 1874च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाईंनी पुढे ही हकीकत लिहिली आहे आणि ती वाचताना अंगावर काटा येतो, तो त्यातील उपासमारीपेक्षा तिच्या कारणमीमांसेमुळे. कुटुंब विद्वान होते. जवळचे द्रव्य तीर्थयात्रेत, दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले. देव प्रसन्न होईल म्हणून व्रते चालू राहिली. अंगमेहनतीचे काम करणे कुळाला व विद्येला शोभत नाही म्हणून कोणी ते केले नाही. शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. म्हातारे शास्त्रीबोवा जलसमाधी घेण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा मुलाने सांगितले की मी मोलमजुरी करीन. हिशेब चोख ठेवूनही, नव्हे, हिशेब चोख ठेवल्यामुळेच, घर बुडाले होते. पुढे 1880त भाऊ गेला, 1882त पती बिपिनबिहारी पटकीने गेले. 1883त इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इतके सोसलेल्या स्त्रीने दुःखावर तत्त्वज्ञान रचले असते तर नवल नव्हते. रमाबाईंनी तसे केले नाही. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपले निमाड तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. तेथून निराधार मुली व स्त्रिया त्यांनी शेकड्यांनी आपल्याबरोबर नेल्या. केडगावला जी वसाहत उभी राहिली तिला त्यांनी नाव दिले ‘मुक्ती’. या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. अनंतशास्त्र्यांनी ज्या अर्थाने हा शब्द आयुष्यभर उच्चारला त्या अर्थाने तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा होता. त्यांच्या मुलीने तो विहीर खणणे, माग चालविणे, छापखान्यात खिळे जुळविणे आणि अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणे यांवर नेऊन लावला. जन्मांधाच्या त्या गोष्टीतील चिखलाशी ह्याचे नाते उघड आहे. 1921त त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा मरण पावली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या. मधल्या महिन्यांत त्या मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेल्या आपल्या सोप्या मराठी बायबलाचे काम पुरे करीत होत्या. ते 1924त प्रसिद्ध झाले. हे भाषांतर अलंकारिक नाही, कारण ते कामकरी बायांसाठी होते. साहित्यिक कसोट्यांवर ते कमी भरते असे म्हणणाऱ्यांनी ते कोणासाठी होते हे विसरू नये.

आता लक्ष्मीबाई. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा त्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरी लहान दत्तू होता. त्याच्या आधीची मुले गेलेली होती. नवऱ्याने धर्म सोडला म्हणजे बायको सौभाग्यवती की विधवा, हे सांगणारे शास्त्र त्यांच्या आसपास कोणापाशीच नव्हते. पुढची सुमारे पाच वर्षे त्या नातलगांकडे, त्यांतील बरीच पंढरपुरात, काढतात. हा सारा काळ ‘स्मृतिचित्रां’त आला आहे आणि तो वाचताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. लेखिका आपल्या त्या वेळच्या शोकाला कमी लेखत नाही. पण शोक ही आपली मालमत्ता आहे असेही मानीत नाही. शोकाच्या ऐन भरात शेजारीण काय बोलली, कोणाचा कसा गोंधळ उडाला, समजूत घालणाऱ्यांनी किती विचित्र समजुती घातल्या, हे सारे तिला दिसते आणि ते ती सांगते. ज्याचे लक्ष केवळ आपल्या दुःखाच्या हिशेबात गुंतले आहे त्याला शेजारीण दिसत नाही.

आपल्या टीकाकारांनी या गुणाला ‘खेळकर वृत्ती’ असे नाव दिले आणि तेथेच सोडून दिले. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत उतारे निवडले गेले तेही बहुधा ह्याच खेळकरपणाचे : वडिलांचे अघोरी सोवळे, बाजारातून संसाराची वस्तू आणावयास गेलेले आणि भलतेच काही घेऊन परत आलेले टिळक. मुले हसतात, शिक्षक हसतो, तास संपतो. दुसरीकडे चर्चच्या वर्तुळात हेच पुस्तक धर्मांतराची साक्ष म्हणून वाचले जाते. विनोद तेथे चवीपुरता, आणि सारा भार शेवटी ती स्त्री कशी प्रभूकडे आली यावर. दोन्ही वाचनांत पुस्तकाचे दोन तुकडे होतात, आणि ज्याने ते एकसंध राहते तेच निसटते.

ते सोवळेच घ्या. वडील घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेत. त्यांच्या या धाकात सगळ्या घराची फरफट झाली. ही गोष्ट हसण्यासारखी आहे आणि ती हसूनच सांगितली आहे. परंतु हे सोवळे हाही एक हिशेबच होता : अपवित्राचा स्पर्श न होऊ देण्याचा, म्हणजे दुःखाला दाराबाहेर ठेवण्याचा. लेखिका त्याच्याविरुद्ध एकही निबंधवजा वाक्य लिहीत नाही. ती त्याला फक्त चित्रात उभे करते, आणि हसता हसता वाचकाच्या मनातून त्याचा धाक जातो. पुढे, स्वतः ख्रिस्ती होण्याच्याही आधी, एका क्षणी तिच्या मनात प्रश्न उभा राहतो की या जाती केल्या कोणी, देवाने की माणसाने? उत्तर सापडते, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास ती मोकळी होते. माझ्या मते ‘स्मृतिचित्रां’तील धर्मांतर येथे घडते, 1900 सालचा बाप्तिस्मा हा त्याचा पुढचा विधी. जात माणसाने केली असेल तर जातीचे दुःखही माणसानेच केले. मग ते कोणाच्या पूर्वकर्माचे फळ राहत नाही. दुःखाच्या प्रश्नाला ही स्त्री धर्मशास्त्राच्या दाराने न जाता पाण्याच्या तांब्याच्या वाटेने जाते, आणि रमाबाई जेथे पोचल्या तेथेच पोचते. म्हणून नगरला प्लेग आला आणि आजारी मुलींची शुश्रूषा करण्याची वेळ आली, तेव्हा पुढे होण्यास तिला फारसा विचार करावा लागला नाही.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगण्यास ख्रिस्ती टीकाकार बिचकतात. लक्ष्मीबाईंचे बरेचसे दुःख टिळकांनीच दिलेले होते. न सांगता घर सोडून निघून जाणे, संतापाचे झटके, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकणे, आणि शेवटी ते मोठे पाऊलही बायकोला विश्वासात न घेता उचलणे, यांपैकी काहीही पुस्तकात झाकलेले नाही. ख्रिस्ताला सखा म्हणून गाणारा कवी घरात कसा होता, हे त्याच्या पत्नीने सांगितले आणि तरीही त्याच्याविषयीचे प्रेम एका ओळीतही उणे होऊ दिले नाही. हे क्षमेचे वाङ्मय आहे. पण त्यात ‘मी क्षमा केली’ असे वाक्य शोधू गेल्यास हाती लागणार नाही; क्षमा तेथे गोष्ट सांगण्याच्या स्वरात आहे. दोष पूर्णपणे दिसावा आणि माणूस लहान होऊ नये, असा स्वर फक्त विनोदालाच साधतो. हे दुःख मला ख्रिस्ताकडे नेण्यासाठीच योजले होते, असा सोयीचा निष्कर्षही लेखिका आपल्या हाती देत नाही. ती दुःखाचे प्रयोजन सांगत नाही, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

येथे इंग्रजी वाङ्मयातील एक उदाहरण उपयोगी पडेल. सी. एस. लुईस यांनी 1940त ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात दुःखाचे प्रयोजन मोठ्या कौशल्याने सिद्ध केले आहे. 1960त त्यांची पत्नी वारली. पुढच्या वर्षी ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ हे लहानसे टिपण निघाले, तेही टोपणनावाने. त्यात पहिल्या ग्रंथातील युक्तिवादांचा फारसा आधार लेखकाला मिळत नाही; तो देवावर रागावतो, शंका घेतो, मग हळूहळू शांत होतो. लुईसना एका जन्मात दोन पुस्तके लिहावी लागली. टिळकांच्या घरात ती दोन माणसांनी लिहिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय?

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. सोसण्याचा गौरव हा सोसावयास लावणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. वधस्तंभाकडे बोट दाखवून छळ होणाऱ्या सुनेला, मार खाणाऱ्या बायकोला, मजुराला ‘तोही सोसलाच ना’ असे सांगणे फार सोपे आहे, आणि ते सांगितले गेलेले आहे. ‘भोग’ म्हणून गप्प बसविणे आणि ‘क्रूस’ म्हणून गप्प बसविणे यांत गप्प बसणाऱ्याच्या दृष्टीने अंतर नाही. याचे उत्तर मला लक्ष्मीबाईंपेक्षा रमाबाईंमध्ये अधिक स्पष्ट दिसते. सोसावयाचे ते दुसऱ्याचे ओझे उचलताना; दुसऱ्याला सोसावयास लावण्यासाठी नव्हे. लक्ष्मीबाईंनी हा भेद शब्दांत मांडला नाही, पण त्यांच्या घरात परक्यांची जी मुले वाढली त्यांना तो ठाऊक होता.

दुसरी उणीव आपल्या अभ्यासाची आहे. स्टीफन्स सोडल्यास, आणि पदमनजी सोडल्यास, वर जी नावे आली ती ब्राह्मण घरांतील आहेत. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मात्र प्रामुख्याने महार आणि मांग वस्त्यांतून आला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘हे तुमचे भोग’ म्हणून सांगण्यात आले, त्यांना जन्मांधाची ती गोष्ट प्रथम ऐकताना काय वाटले असेल? त्यांनी ती भजनांत गायिली. त्या भजनांकडे वाङ्मय म्हणून पाहणारे अभ्यासक थोडेच निघाले. 1956त डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि 1957त प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते ही कल्पना बुद्धाच्या विचारात बसत नाही असे प्रतिपादन केले. मराठी मुलखात दुःखाच्या हिशेबावर घातलेला हा सर्वांत जबरदस्त घाव होय. नवबौद्ध वाङ्मय आणि ख्रिस्ती वाङ्मय यांचा या एका प्रश्नापुरता तरी शेजारी ठेवून विचार होणे जरूर आहे. दोघांच्या वाटा एकाच वस्तीतून निघालेल्या आहेत.

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना ‘सुबोध बायबल’साठी 2013 सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020त उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी ख्रिस्ती वाङ्मय आता मुख्य दालनात आले असे पुष्कळांनी म्हटले. 2024त ते गेले. दालन उघडले हे खरे. आत मांडलेल्या वस्तू आपण अजून नीट उलटून पाहिलेल्या नाहीत. त्यांपैकी एका वस्तूकडे येथे लक्ष वेधतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतले होते. आरंभीचे थोडे अध्याय लिहून झाले आणि 9 मे 1919 रोजी ते मुंबईस निवर्तले. पुढचा बहुतांश ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहिला. जन्माची कथा कवीच्या वाट्याला आली; अटक, छळ, वधस्तंभाकडे जाणारी वाट आणि त्या वाटेवरून चालणारी आई या साऱ्या प्रकरणांचे काम विधवेच्या वाट्याला आले. 1936त त्याही गेल्या. काव्य 1938त प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रां’वर मराठीत जितके लिहिले गेले त्याच्या दशांशही ‘ख्रिस्तायना’वर लिहिले गेलेले नाही. काव्य असमान आहे, काही भागांत कंटाळवाणे आहे, हे मान्य. परंतु ज्या लेखणीने गद्यात स्वतःच्या दुःखाची वार्ता हसत सांगितली, त्याच लेखणीने त्याच काळात दुसऱ्याचे दुःखसहन ओवीत कसे लिहिले, कोठे ती हसू शकली नाही, आणि पतीच्या शब्दकळेतून सुटून तिची स्वतःची बोली कोणत्या अध्यायापासून ऐकू येऊ लागते, हे ओवी-ओवी लावून पाहिल्याखेरीज लक्ष्मीबाईंच्या दुःखविचारावर शेवटचा शब्द कोणी लिहू नये.